दोन बॅनरांखालची सभा

मी गेली बरीच वर्षं म्हातारी आहे. निराधार, विधवा, पाठीत वाकलेली, एका कानानं कमी ऐकणारी. एरवी मी नांदेडात राहणारा, जाड मिशीचा, दोन मुलींचा बाप आहे. पण नुसतं बाप असण्याचे कुणी पैसे देत नाही, म्हणून म्हातारी व्हावं लागतं.

आमचं कलापथक आहे. सरकारी योजना गाण्यांतून आणि नाटुकल्यांतून गावोगाव सांगायच्या, असं काम आम्हाला मिळतं. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत फिरतो. एक टेम्पो, त्यात हलगी, ढोलकी, भोंगा आणि कपड्यांची पत्र्याची पेटी. निलंग्याकडं गेलो की प्रेक्षकांत मागून कानडी ऐकू येतं, देगलूरकडं तेलुगू. हसू मात्र सगळीकडं एकाच जागी येतं, माझा पदर घसरून मिशी दिसते तिथं. पहिल्यांदा तो खरोखर चुकून घसरला होता. मी मेल्याहून मेलो. नंतर बघितलं, तर लोकांना योजनेची एकही अट आठवत नव्हती, पण म्हातारीची मिशी आठवत होती. मग पदर रोज घसरू लागला.

नाटकाची गोष्ट साधी. म्हातारी अर्ज घेऊन साहेबाकडं जाते. साहेब म्हणतो, "बाई, उद्या या." ती दुसऱ्या दिवशी जाते. साहेब म्हणतो, "उद्या या म्हणलं होतं, आज कशाला आलात?" मग हलगी वाजते, गाणं होतं. गाण्यात कुणाला पगार मिळतो, कागद कोणते, ते कुठं द्यायचे, सगळं येतं. निराधारांना महिन्याला जे सरकारी पैसे मिळतात, त्याला आमच्याकडं पगारच म्हणतात. गाणं ऐकून साहेबाचं मन बदलतं. हे फक्त आमच्या नाटकात घडतं. तो अर्जावर शिक्का मारतो आणि खेळ संपतो.

साहेबाचं काम करणारा माझा दोस्त हिमायतनगरचा शिंपी. त्याच्या वडिलांच्या मशीनवर निकाहाची शेरवानी आणि पाटलाच्या पोराचा लग्नातला कोट एकाच दिवशी तयार व्हायचे. साहेबाची सफारी त्यानं स्वतः शिवलेली आहे आणि ती इतकी अंगाबरोबर बसते, की तो खुर्चीत टेकला की कार्यालय झालंच. लातूर जिल्ह्यातल्या एका गावात खरा तलाठी त्याला बघून उभा राहिला होता. दोस्तानं त्याला हातानंच बसा म्हणून खुणावलं, आणि तो बसला. नंतर कळल्यावर तो तलाठी आमच्यावर रागावला नाही, हे त्याचं मोठेपण.

या दोस्ताच्या दोन खोडी इथं सांगायला हव्यात, कारण पुढचं सगळं त्यांच्यामुळं घडलं. एक म्हणजे त्याचा शिक्का. पलंगाचा मोडका पाया कापून केलेला, पेरूएवढा जाड. तो टेबलावर आपटला की मागच्या रांगेतलं पेंगणारं माणूसही जागं होतं. दुसरी खोड, शिक्का मारण्याआधी तो लोकांना विचारतो, "मंडळी, मंजूर का?" आणि मंडळी टाळ्या वाजवतात. हे त्यानं ग्रामसभेवरून उचललं. गावात ठराव असाच मंजूर होतो. कुणीतरी वाचतो, कुणीतरी विचारतो, टाळ्या पडतात, झाला ठराव. अर्थात सभेला माणसं आली तर.

ती सहसा येत नाहीत. ठरावीक माणसं जमली नाहीत, की सभा तहकूब होते. आणि तहकूब झालेली सभा परत भरते, तेव्हा तिला माणसांची अट नसते. त्यामुळे पहिल्या सभेला कुणी जात नाही, कारण ती होणार नाही हे माहीत असतं, आणि दुसरीला कुणी जात नाही, कारण आपल्यावाचून ती होणारच असते. मी स्वतः गावी राहत होतो, तेव्हा कधी गेलो नव्हतो. नाटक मात्र सोडलं नाही.

आता अलीकडचीच गोष्ट. मुखेडच्या पलीकडं खडकाळ माळावर एक गाव आहे. नाव सांगत नाही, कारण तिथला ग्रामसेवक अजून नोकरीत आहे आणि माणूस वाईट नाही. तुरीची काढणी झाली होती, लोक मोकळे होते. आम्ही दुपार कलताना पोचलो. ग्रामपंचायतीच्या एका खोलीत मला कपडे बदलायला जागा दिली. पुढं अंगण, तिथं आमचा खेळ. मी नऊवारीत निम्मा शिरलेलो असताना खिडकीतून बाहेर बघितलं, तर आमच्या बॅनरच्या शेजारी दुसरा बॅनर चढत होता. आमच्यावर योजनेचं नाव. त्याच्यावर मोठ्या अक्षरांत 'ग्रामसभा'.

ग्रामसेवक स्वतः दोरी बांधत होता. किडकिडीत, घामेजलेला. त्याच्याकडं आणखी दोन गावांचा कारभार होता आणि मोटरसायकलवर बसून बसून त्याची चाल वाकडी झाली होती.

मी खिडकीतून विचारलं, "साहेब, हे काय?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. वर मिशी, खाली निऱ्या. पण तो दमलेला होता, हसला नाही. म्हणाला, "तुमचं काय जातंय? तुमचा बॅनर उजवीकडं, माझा डावीकडं. तुम्ही तुमचा फोटो काढा, मी माझा काढतो."

"माणसं तीच?"

"दुसरी कुठून आणू?"

मग त्यानं सांगितलं. वरून सूचना आली होती, की सभेचा फोटो पाठवायचा, आणि त्यात माणसं दिसली पाहिजेत. ज्या फोटोवर ठिकाण आणि वेळ आपोआप उमटते, तसा फोटो. आमचंही बिल तसल्याच फोटोवर निघतं, म्हणून मला त्याचं दुःख कळलं. त्यानं नियमाप्रमाणं आठवडाभर आधी सभेची नोटीस लावली होती, दवंडी दिली होती, वेळ आमच्या नाटकाचीच ठेवली होती. कागदावर सभा, अंगणात नाटक. मला ही युक्ती फार आवडली. माझ्या धंद्यातल्या माणसाला दुसऱ्याचं नाटक चांगलं जमलं, की आनंद होतो.

अंगणाच्या तोंडाशी त्यानं टेबल टाकलं आणि रजिस्टर उघडलं. "सही करा, बसा. सही करा, बसा." लोकांना वाटलं नाटकाची नवी पद्धत असेल. सह्या पडत होत्या, अंगठे उठत होते, सतरंज्या भरत होत्या. टेबल माझ्या खिडकीखालीच होतं. मी पिना लावत उभा होतो, त्यामुळे पुढचं बोलणं मी शब्दन् शब्द ऐकलं.

एक म्हातारी आली. उंच, काळा चष्मा, हातात बांगड्यांची लांबट पेटी. गावाची मनियारीण. बाया तिला चाची म्हणत होत्या. गावातल्या आणि आसपासच्या वाड्यांवरच्या बायकांना बांगड्या भरत तिचा जन्म गेलेला. नवरा वारला होता, मुलगी लातूरला दिलेली.

चाची म्हणाली, "बेटा, माझ्या पगाराचं काय झालं?"

ग्रामसेवक रजिस्टरातून मान वर न करता म्हणाला, "चाची, किती बार सांगू? वरून बंद झालाय. पडताळणीत तुमच्या नावापुढं शेरा आलाय, गावात राहत नाही म्हणून."

"मी न्हाई राहत?"

"शेऱ्यात न्हाई राहत."

"अरे, डोळ्याचं आपरेशन केलं लेकीकडं लातूरला. तवा तुमचा मानूस आला. घराला कुलूप बघितलं आन् गेला. कुलूप काय मी गाव सोडला म्हनून लावते? पगार बंद झाला तवापासून डोळ्यात घालायचं औषध बी शेजारणीच्या जिवावर चालू हाय."

"मला म्हाईत हाय चाची, तुम्ही हितंच राहता. पण मी म्हणून काय उपयोग? ग्रामसभेचा ठराव लागतो, की ही बाई गावात राहते. तो तहसीलला गेला, की होईल चालू."

"मग घ्या की ठराव."

"सभेला माणसं येत न्हाईत. तहकूब होते. तहकूब सभेत नवा विषय घेता येत न्हाई."

चाचीनं भरलेल्या सतरंज्यांकडं बघितलं. मग टेबलावरच्या रजिस्टरकडं. "आज तर लई मानसं हायत."

"आज नाटक हाय."

"मग सही कशाची घेऊन राहिलात?"

ग्रामसेवकानं पेन खाली ठेवलं. त्याच्या जागी मी असतो, तर खोटं बोललो असतो. तो म्हणाला, "ग्रामसभेची."

"अस्सं," चाची म्हणाली. तिनं शाईच्या पॅडवर अंगठा दाबला, रजिस्टरवर उमटवला, पदराला पुसला आणि बायकांत जाऊन बसली. मी शेवटची पिन लावली आणि हे सगळं विसरून गेलो. खेळाच्या आधी मला काही सुचत नाही.

पहिल्या रांगेत तीन खुर्च्या होत्या. एकीवर सोसायटीचे कुणी वयस्क चेअरमन, एकीवर गावाचे सरपंच, एक ग्रामसेवकासाठी रिकामी. सरपंच म्हणजे सरपंचबाईंचे मालक. निवडून बाई आलेल्या होत्या, पण गाव सरपंच म्हणून त्यांच्या मालकांनाच हाक मारत होतं, आणि बाई मागं सतरंजीवर बाकीच्या बायकांबरोबर मांडी घालून बसल्या होत्या. मला हे नवीन नव्हतं. अशा खुर्च्या आम्ही दोन्ही जिल्ह्यांत बघतो.

खेळ सुरू झाला. मी वाकत वाकत आलो, पदर घसरला, मिशी दिसली, पोरं लोळली. साहेब म्हणाला, "बाई, उद्या या." मी उद्या आलो. गाणं झालं. साहेबाचं मन बदललं. त्यानं माझ्या अर्जावर शिक्का उचलला, आणि तेवढ्यात लोक मला सोडून माझ्या मागं बघून हसायला लागले. नटाला हे लगेच कळतं. मी मागं वळलो. माझ्या मागं, अगदी रांगेत, चाची उभी होती. पेटी काखेत.

मी पदराआड कुजबुजलो, "काय पाहिजे चाची?"

ती मोठ्यानं म्हणाली, "काई न्हाई. लाइनीत हाय मी. तुमचं होऊ द्या, मग माझं."

आता कुणीही नट इथं गडबडला असता. पण माझा दोस्त शिंपी आहे. गिऱ्हाईक उभं राहिलं, की माप घ्यायचं एवढंच त्याला ठाऊक. त्यानं माझ्या अर्जावर शिक्का आपटला, मला हातानं बाजूला केलं आणि म्हणाला, "बोला बाई. तुमचं काय काम?"

चाची जरा सरकली. आमच्या बॅनरखालून ती डावीकडं गेली आणि दुसऱ्या बॅनरखाली थांबली. "मी हितं उभारून बोलते," ती म्हणाली. मला वाटलं, ऊन लागत असेल.

"साहेब, माझा पगार बंद झाला. मी गावात राहत न्हाई म्हनं."

"मग कुठं राहता?"

"हितंच."

सतरंज्यांवरून हशा आला. दोस्तानं भुवया वर केल्या. "असं कसं बाई? कागद म्हणतोय राहत नाही."

"मग गावाला बांगड्या कोन भरतं, कागद?"

बायका खिदळल्या. दोस्त खुर्चीतून उठला. तो उठतो, तेव्हा सफारीची घडी मोडत नाही, हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. टेबलाला वळसा घालून तो पुढं आला. "मंडळी, ही बाई गावात राहते का?"

"राहते," दोन-चार आवाज.

"असं नाही. कुणी बघितलंय?"

पाटलांच्या घरातली थोरली सून उभी राहिली, ठसठशीत बाई. म्हणाली, "मागल्या महिन्यात माझ्या पोरीच्या साखरपुड्याच्या बांगड्या कुणी भरल्या? आन् संक्रांतीला सगळ्या गल्लीच्या?" तिनं हात वर केला. बांगड्या कोपरापर्यंत खळकन उतरल्या. तिच्या शेजारणीनं हात वर केला. मग तिच्या शेजारणीनं. बाप्यांच्या बाजूनं एकजण म्हणाला, "आमचे हात मोकळे हायत, आमी काय दाखवावं?" त्याची बायको सतरंजीवरूनच म्हणाली, "पाकीट दाखवा. चाचीच्या उधारीनं मोकळं हाय." सगळं अंगण हसलं, चाची सोडून. ती चष्म्यातून साहेबाकडं बघत होती. मी रंगमंचावर बरीच वर्षं काढली आहेत. हे माणूस नाटक करत नाही, हे मला तेव्हा कळलं.

दोस्तालाही कळलं असावं. कारण त्यानं रोजच्यासारखं ओरडून विचारलं नाही. सावकाश विचारलं, "मंडळी, ही बाई या गावात राहते. मंजूर का?"

टाळ्या पडल्या. चेअरमननी वाजवल्या, सरपंचबाईंच्या मालकांनी वाजवल्या. सतरंजीवर सरपंचबाईंनी वाजवल्या. ग्रामसेवक बाजूला उभा राहून फोन आडवा धरून फोटो काढत होता, त्यानंही फोन काखेत धरून दोन वाजवल्या. चाचीनं पेटीतून आपला जुना अर्ज काढला, आणि दोस्तानं त्यावर पलंगाचा पाया आपटला. आम्ही शेवटचं गाणं म्हटलं आणि खेळ संपला.

मी खोलीत येऊन साडी सोडत होतो, तोच खिडकीखाली चाचीचा आवाज आला.

"आता लिवा बेटा."

"काय लिहू?"

"ठराव."

ग्रामसेवक हसला. "चाची, ते नाटक होतं."

"नाटक त्यांचं होतं," चाची म्हणाली. "माझं कुठं नाटक होतं? मी तर तुमच्या बॅनरखाली बोलले."

मी साडी तशीच धरून खिडकीशी आलो. माझा दोस्तही सफारीची बटणं सोडत माझ्या खांद्यावरून बघायला लागला. "सुनो, सुनो," तो मला म्हणाला, जसं काही मी ऐकत नव्हतो.

लोक चहा पीत होते, ते टेबलाभोवती जमले. ग्रामसेवकानं समजावून सांगायला सुरुवात केली. खोट्या साहेबानं विचारलेलं चालत नाही. सभेचा विषय अजेंड्यावर लागतो. सभा वेगळी, नाटक वेगळं.

पाटलांची सून म्हणाली, "मग आमच्या सह्या कशाच्या हायत?"

"सभेच्या."

"सभा झाली का मग?"

हा प्रश्न फार वाईट होता. झाली म्हणावं, तर चाचीचा विषय सगळ्यांसमोर निघाला होता आणि टाळ्या पडल्या होत्या. झाली नाही म्हणावं, तर फोटो. आणि फोटो त्यानं तोपर्यंत वर पाठवलेला होता. त्यात दोन्ही बॅनर होते, माणसं होती, आणि डाव्या बॅनरखाली चाची हात पुढं करून उभी होती. हे त्यानं फोन उघडून स्वतः बघितलं. मला वरून दिसत होतं.

"आजच्याइतकी मानसं कवा जमली होती का सभेला?" बाप्यांतला एकजण म्हणाला.

दुसरा म्हणाला, "गेल्या बारीला मी एकटाच होतो. मी बी पत्रिका द्यायला गेल्तो, पुतणीच्या लग्नाची."

ग्रामसेवकानं घाम पुसला. त्याला चाचीचं वाईट करायचं नव्हतं, हे मी पैजेवर सांगतो. पण शेरा दुसऱ्या कार्यालयातल्या माणसानं मारलेला होता, आणि त्याच्याविरुद्ध आपल्या हातानं लिहायला तो भीत होता. त्यानं शेवटचा उपाय काढला. "हे बघा, अजेंड्यावर नसलेला विषय ऐनवेळचा होतो. त्याला अध्यक्षांची परवानगी लागते." आणि मोठ्या आशेनं त्यानं खुर्चीकडं बघितलं.

सरपंचबाईंचे मालक बशीत चहा ओतत होते. म्हणाले, "बघू की फुडल्या बारीला. चाची काय पळून जात न्हाई."

"गेली म्हनूनच तर पगार बंद झाला," कुणीतरी म्हणालं.

सतरंजीवरच्या बायका अजून उठल्या नव्हत्या. त्यांच्यातून सरपंचबाई म्हणाल्या, "अध्यक्ष मी हाय नव्हं?"

आवाज मोठा नव्हता. पण टेबलाभोवतीच्या सगळ्या माना तिकडं वळल्या. मालकांनी बशी खाली ठेवली. "अगं, पण असं कसं..."

"तुमी चहा घ्या," बाई म्हणाल्या. "परवानगी मी देऊन राहिले. लिवा भाऊ."

मालकांनी बशी परत उचलली. मी त्यांचा चेहरा बघितला. राग नव्हता, बरंचसं नवल होतं. आपल्या घरात एवढा चांगला आवाज आहे, हे त्यांना प्रथमच कळत असावं.

ग्रामसेवक खाली बसला आणि पेन काढलं. एकदा लिहायला लागल्यावर त्याचा जीव हलका झाला. "सूचक कोण?" त्यानं विचारलं. सूचक म्हणजे ठराव मांडणारा. पाटलांची सून म्हणाली, "मी." "अनुमोदक?" इथं पंचाईत झाली, कारण बरेचजण एकदम पुढं आले. ज्या गावात सभेला माणूस मिळत नव्हता, तिथं अनुमोदन कुणी द्यायचं यावर वादावादी झाली. शेवटी चेअरमनना दिलं, वयाच्या मानानं. ते म्हणाले, "माझ्या लग्नात हिच्या सासूनं बांगड्या भरल्या होत्या." ग्रामसेवक म्हणाला, "ते लिहायचं नसतं."

सरपंचबाईंनी सही केली. सही करताना त्यांनी पूर्ण नाव लिहिलं, सावकाश, शिरोरेषा ओढून. मग ग्रामसेवकानं पिशवीतून शिक्का काढला. छोटा, गोल, रबरी. त्यानं तो लावला, तेव्हा अजिबात आवाज झाला नाही. माझा दोस्त माझ्या कानात म्हणाला, "इसमें कुछ दम नहीं." पण काम त्या शिक्क्यानंच केलं.

चाचीनं कागदाची प्रत घेतली, तिची चौपदरी घडी घातली आणि बांगड्यांच्या पेटीत, तळाशी ठेवली. जाताना ती खिडकीशी थांबली. मी तेव्हा बनियनवर होतो, कपाळावर बुक्का तसाच.

"तुमी ती म्हातारी का?"

"हो चाची."

"नाटकात तुमचा नवरा मेलाय ना?"

"हो."

"मग ह्या हिरव्या बांगड्या कशाला घातल्यात?"

मी मनगटाकडं बघितलं. बाजारातून आणलेल्या प्लास्टिकच्या होत्या. इतक्या वर्षांत, इतक्या गावांत, हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, "काढतो."

"ऱ्हाऊ द्या," चाची म्हणाली. "आता आमच्या गावात बी घालतात. मीच भरते. पण ह्या प्लास्टिकच्या हायत. आवाज येत न्हाई."

परतीच्या वाटेवर टेम्पोत कुणी बोललं नाही, असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. आम्ही नांदेडपर्यंत तो प्रसंग एकमेकांना करून दाखवला. ढोलकीवाला ग्रामसेवक झाला, दोस्त चाची झाला, मी सरपंचबाईंचा मालक झालो आणि बशीतला चहा सांडला.

नंतरचे काही महिने मला काही कळलं नाही. कागद गावातून तालुक्याला जातो, तिथं थांबतो, त्याला त्याचा वेळ लागतो. मध्ये आम्ही विष्णुपुरीच्या बाजूला, मग उदगीरकडं फिरत होतो. एक फरक मात्र पडला. मुखेड तालुक्यात ग्रामसेवक आमच्या खेळाच्या दिवशी ग्रामसभा ठेवेनासे झाले. एकानं तर मला स्पष्ट विचारलं, "तुमचा तो साहेब टाळ्या मागतो का? तेवढं वगळा." आम्ही हो म्हणालो आणि वगळलं नाही. आणि दुसरा फरक असा, की मी अर्ज घेऊन उभा राहिलो, की दोस्त माझ्याकडं न बघता माझ्या मागं बघतो. दोनदा कुणी उभं होतं. एकदा लातूरकडं एक आजोबा होते, त्यांना फक्त पाणी हवं होतं.

मग मुखेडच्या आठवडी बाजारात मला चाची दिसली. रस्त्याकडेला गोणपाट अंथरून बसली होती, पुढ्यात पेटी, डोळ्यांवर आता काळा नव्हे, साधा चष्मा. समोर एक तरुण बाई हात पुढं करून बसली होती आणि चाची तिचा पंजा दाबून बांगडी चढवत होती. मी बाजूला उभा राहिलो. साडीवाचून तिनं मला ओळखलं नसावं. मी पदर घेतल्यासारखा रुमाल डोक्यावर ओढला.

"अगे, आमची म्हातारी," ती म्हणाली.

मी गोणपाटाच्या कडेला टेकलो. "चाची, पगार आला का?"

"आला. सरपंचीणबाई संगं आल्या होत्या तहसीलला. साहेबानं कागद वाचला. म्हनला, ठराव बराबर हाय. मागला बुडाला, पर फुडचा चालू झाला." तिनं बांगडी पुढं सरकवली. "तुमच्या साहेबापेक्षा बारीक हाय तो. सफारी बी न्हाई घातली."

"मग झालं तर."

"झालं कुठं?" तिनं त्या बाईचा हात सोडला आणि माझा धरला. केसाळ मनगट उलटंपालटं करून बघितलं, पेटीतून मोठ्या मापाची काचेची बांगडी शोधायला लागली. भोवती बाजार थांबून बघत होता आणि मला ते आवडत होतं. "लेकीला दुसऱ्या डोळ्याचं आपरेशन करायचं हाय माझं. परत लातूरला जावं लागंल. परत कुलूप लागंल. आन् पडताळनी तर दरसाल येते."

बांगडी अंगठ्याच्या हाडावर अडकली. तिनं माझा पंजा असा दाबला, की माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ती आत गेली.

"तुमचं नाटक परत कवा हाय?" चाचीनं विचारलं.

मी तिथूनच दोस्ताला फोन लावला. तो मशीनवर होता, मागून शिलाईचा आवाज येत होता. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "चाचीको बोल, ऑपरेशन की तारीख मिली तो पहले मेरेकू बताना." मग थोडं थांबून म्हणाला, "और ग्रामसेवक को फोन कर. बोल, ग्रामसभा का बॅनर धो के रखो."